देठावरची गाठ

प्रयागबाईच्या हातचं रोप मरत नाही, असं शिरपुरात सगळे म्हणायचे. आधी ती हसायची. लग्नाला बरीच वर्षं होऊन दोनदा पोटातलं टिकलं नाही, त्यानंतर मात्र कोणी असं म्हटलं की ती मान खाली घालून वाफ्यातलं गवत उपटायला लागायची. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसायचं. तिला ते लागायचं.

आमचा मळा त्यांच्या मळ्याला लागून होता. मधे एक बांध, बांधावर बोरी. मी, लिला, लग्न होऊन शिरपूरला आले तेव्हा गावात पहिली ओळख झाली ती तिच्याशीच. ती केनवडची, माझं माहेर आमच्या वाशीमकडच्या मालेगावचं. आम्ही दोघी सकाळी टोपल्या डोक्यावर घेऊन जैन देवळाजवळच्या धर्मशाळेत भाजी द्यायला जायचो. यात्रेकरूंना कांदा, लसूण, बटाटा, मुळा चालत नाही. म्हणून आमच्याकडे दोडकी, कारली, भेंडी, दुधी असला माल जास्त. वाटेत प्रयागबाई सारखी बोलायची. तिचं बोलणं कमी झालं, तेव्हा मला कळलं की तिला बरं नाही.

तिची पाळी आली की थांबायची नाही. आठ दिवस, दहा दिवस. मधे चार दिवस बरे गेले की पुन्हा सुरू. रक्ताच्या गुठळ्या पडायच्या. विहिरीवरून एक घागर आणली की बांधावर बसून धापा टाकायची. ओठ पांढरे, नखं पांढरी. सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणल्या, त्या ती नेमानं घ्यायची. त्यानं थोडी हुशारी यायची आणि पुढच्या महिन्यात सगळी वाहून जायची.

घरात नवरा दौलतराव, सासू कस्तुराबाई, आणि त्याच अंगणात वेगळी चूल करून राहणारे मोठे दीर हिरालाल. हिरालालला चार लेकरं. प्रयागबाईला नाही. तरी त्या घरात तिला कोणी वाकडं बोलल्याचं मी ऐकलं नाही. दौलतराव तर अबोल माणूस. पण ती बसली की तो हातातलं काम टाकून तिच्या वाफ्याला पाणी द्यायला जायचा.

वाशीमच्या एका डॉक्टरांनी तिला तपासलं आणि सांगितलं, "पिशवीत गाठ आहे. पिशवी काढून टाका, सुटाल." तिचं वय तेव्हा तिशीच्या आतच. ती घरी आली. तिसऱ्या दिवशी बांधावर येऊन मला म्हणाली, "लिले, पिशवी गेली तं मंग मी कायची बाई राह्यली?"

माझा मोठा मुलगा तेव्हा माझ्या कडेवर होता. मी त्याला खाली ठेवलं, एवढंच मला सुचलं.

कस्तुराबाईंनी मात्र एक गोष्ट धरून ठेवली. त्या येईल-जाईल त्याला विचारायच्या, "पिशवी काहून काढाची? गाठ झाली तं गाठ काढा ना." लोक हसायचे. म्हातारीला काय कळतं डॉक्टरीतलं, म्हणायचे. पण धर्मशाळेत उतरलेली अकोल्याची एक यात्रेकरू बाई हसली नाही. तिनं सांगितलं की अकोल्याला एक डॉक्टरीणबाई आहेत, नागपूरला शिकून आल्या आहेत, जमेल तिथं पिशवी वाचवतात. कस्तुराबाई जन्मात मालेगावच्या पुढे गेलेल्या नव्हत्या. त्यांनी भाकरी बांधल्या, सुनेला घेतलं आणि एसटीत बसून पातूरचा घाट ओलांडून अकोला गाठलं. ते सन शहात्तर. पावसाळा सरत आला होता.

परत आल्या तेव्हा प्रयागबाई धावतच बांधावर आली. धाप लागली होती, पण चेहरा निराळाच होता.

"लिले, माह्या गाठीले देठ हाये म्हनते!"

मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट झोपवून, दिवा लावून तपासलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की ही मांसाची गाठ आहे, कर्करोग नव्हे. पुष्कळ बायांना होते. कोणाची पिशवीच्या बाहेरच्या अंगाला असते, कोणाची भिंतीत रुतलेली असते. तुमची आतल्या अंगाला आहे आणि देठावर लोंबते आहे. लोंबत लोंबत ती पिशवीच्या तोंडाशी आली आहे, मला डोळ्यांनी दिसली. हीच तुमचं रक्त घालवते आणि हीच गर्भाला बसू देत नाही. पोट फाडायचं कारण नाही. खालूनच चिमट्यानं धरायची आणि पिळून देठ तोडायचा.

"पोटावर एक टाका नाई म्हनते. पिशवी जागच्या जागी. दोन-तीन रोज झोपाचं आन् घरी याचं."

"मग लगेच का नाही केलं?"

"अंगात रक्त नाई म्हनते. आधी रक्त वाढवा, इंजेक्शनं घ्या, आन् दिवाईच्या नंतर या."

त्या आठवड्यांत ती सुया टोचून घ्यायला रोज दवाखान्यात जायची. हिरव्या भाज्या, गूळ, शेंगदाणे, कोणी जे सांगेल ते खायची. मी तिला एवढी खूश कधी पाहिली नव्हती. कस्तुराबाईंनी मला एकटीला गाठून विचारलं होतं, "लिला, तुह्या पोराचं पहिलं अंगडं-टोपडं हाये का ठेवलेलं?" मी आहे म्हटलं. "राहू दे मंग," म्हणाल्या.

याच दिवसांत हिरालालचं ते झालं.

आणीबाणी होती. नसबंदीच्या जीपा गावोगाव फिरत होत्या. जीपचा आवाज आला की माणसं तुरीत लपायची. हिरालाल मालेगावच्या बाजाराला गेला असताना त्याला आणि आणखी काही जणांना बाजाराच्या कडेला धरून जीपमध्ये घातलं. कसली तरी साधी तपासणी आहे, असं सांगितलं. संध्याकाळी त्याला रस्त्यावर आणून सोडलं. तो घरी आला, अंगणातल्या खाटेवर पडला आणि भिंतीकडे तोंड केलं. चार लेकरांचा बाप होता, त्याला आणखी नको होतं असं त्याची बायको नंतर म्हणायची. पण त्याला विचारलं नव्हतं. ते त्याला खात राहिलं. पुष्कळ दिवस तो मळ्यात आला नाही. आला तेव्हा दौलतरावाला म्हणाला, "प्रयागाले अकोल्याले नेऊन राह्यला ना? मले बी तपासनी म्हनूनच नेलं होतं, ध्यानात ठेव."

त्या दिवसापासून दौलतराव ज्याला त्याला दवाखान्याबद्दल विचारायला लागला. आणि त्या दिवसांत ज्याला विचारावं त्याच्यापाशी एक गोष्ट तयारच असायची. अमक्या गावची बाई पोट दुखतं म्हणून गेली, तिच्या गर्भाच्या नळ्या बांधल्या. तमक्याची सून बाळंत व्हायला गेली, तिच्याही बांधल्या. अकोल्याला आता दुर्बीण आली आहे, बेंबीपाशी एवढंसं भोक पाडतात, बाईला पत्ताही लागत नाही. यातलं किती खरं आणि किती खोटं, कोणाला सांगता आलं असतं?

कस्तुराबाई त्याला म्हणाल्या, "अरे, त्या बाईच्या बोलन्यात खोट नवती. मी माणूस ओयखतो."

"मोठ्या भाऊनं बी माणूस ओयखलाच असन, माय," दौलतराव म्हणाला.

तरी ते गेले. प्रयागबाईनं कोणाचं ऐकलंच नाही. ठरल्याप्रमाणे तिघं अकोल्याला गेली आणि तिला वॉर्डात भरती केलं. शेजारच्या खाटेवर रुपाबाई नावाची एक बाई होती, पातूरकडची. तिलाही तशीच गाठ, तिचंही त्याच दिवशी होणार होतं. रात्रभर दोघी कुजबुजत राहिल्या. रुपाबाईला भूल देण्याची भीती वाटत होती. प्रयागबाईनंच तिला धीर दिला.

सकाळी दोघींना आंघोळ घालून दवाखान्याचे पांढरे कपडे दिले. आणि त्याच सकाळी त्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाचं शिबिर लागलं होतं. व्हरांड्यात बायांची रांग, त्यांच्याही अंगावर तसलेच कपडे. प्रयागबाई व्हरांड्यात आली तेव्हा एक आया धावपळीत तिच्या दंडाला धरून म्हणाली, "चाला बाई, दुर्बिनीवाल्या इकडे. मांग राहू नका." आणि तिला त्या रांगेत नेऊन उभं केलं.

दौलतराव व्हरांड्याच्या जाळीबाहेर उभा होता. त्यानं ते ऐकलं.

प्रयागबाईनं मला हे नंतर कितीतरी वेळा सांगितलं, दर वेळी तसंच. तिनं वळून पाहिलं तर जाळीपलीकडे नवऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "प्रयागा, चाल." रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या बाईला तिनं विचारलं, "कायचं ऑपरेशन हाये हे?" ती म्हणाली, "मूल बंद कराचं." एवढं ऐकलं आणि ती रांगेतून निघाली.

कस्तुराबाईंनी तिला पायरीवर अडवलं. "अव थांब! डॉक्टरीनबाईले एकदा विचारून तं पाहू. ते आया चुकली असन."

"ते चुकन आन् आपन जन्मभर भोगू," दौलतराव म्हणाला. त्यानं बायकोचा हात धरला. तिचं लुगडं वॉर्डातच राहिलं. म्हातारी मागे राहून ते घेऊन आली. तोवर ही दोघं मोटर स्टँडवर पोचली होती. डॉक्टरीणबाई त्या वेळी आत कोणाचं तरी ऑपरेशन करत होत्या. त्यांना कळलं तेव्हा दुपार झाली असेल.

घाट चढताना प्रयागबाईला रडू फुटलं. सुटलो म्हणून की काय गमावलं म्हणून, ते तिलाही तेव्हा कळलं नाही.

पुढचं दीड-दोन वर्ष मला आठवायलाही नको वाटतं. आणीबाणी उठली, जीपा थांबल्या, हिरालाल पुन्हा माणसांत बसायला लागला. प्रयागबाईचं रक्त मात्र थांबलं नाही. तिनं जडीबुटी केली, गंडे बांधले. कोणी उंबराची साल सांगितली, कोणी आघाडा. केनवडहून तिची आई येऊन लेप लावून गेली. पोट आता हाताला कडक लागायचं. भाजीची टोपली ती उचलेनाशी झाली. मी तिचीही टोपली नेऊन धर्मशाळेत द्यायचे. मळ्यातली मिरची दौलतराव लावायचा, आणि त्याच्या हातची रोपं खरंच मरायची.

अकोल्याचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. कस्तुराबाईंनी एकदा काढलं, तेव्हा दौलतराव जेवता जेवता उठून गेला. तो रागावला नव्हता. आपण चुकलो की काय, अशी शंका त्याच्या मनात शिरली होती आणि त्याला त्या शंकेकडे बघायचं नव्हतं, असं मला आता वाटतं.

मग एका आठवडी बाजारात रुपाबाई भेटली.

मी आणि प्रयागबाई देवळाच्या बाजूला भाजी मांडून बसलो होतो. त्या दिवशी तिला जरा बरं होतं म्हणून ती आली होती. एक बाई कारली निवडायला वाकली, तिच्या कडेवर एक तान्ही मुलगी. वाकली ती तशीच थांबली.

"तू ते नाई का? अकोल्याले... पयाली ते?"

प्रयागबाईनं तिला ओळखलं. माझ्या आधी तिची नजर त्या मुलीवर गेली होती.

"रुपाबाई. तू इथं कशी?"

"माही बहीन हाये इथं दिलेली. मी तं रोज म्हनो, ते प्रयागा कुठची होती, काय झालं असन तिचं." तिनं प्रयागबाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि खालीच बसली. "तुहं नाईच झालं का व?"

"तुहं झालं?"

"झालं ना! बाईनं मले भुलीचं औषध सुंगवलं, डोये उघडले तं झालं बी होतं. मी पोटाले हात लावून पायला, तं काईच नाई. मले वाटलं केलंच नाई. मंग बाईनं गाठ दाखोली, बशीत ठेवलेली. लिंबायेवढी. तिसऱ्या दिवशी घरी आली मी."

"आन् नळ्या?"

"कायच्या नळ्या?" रुपाबाई हसली. तिला कळलंच नव्हतं. "नळ्या बांधल्या असत्या तं हे कुठून आली असती?" आणि तिनं मुलीला उचलून प्रयागबाईच्या पुढे धरलं.

प्रयागबाईनं मुलीला घेतलं. मांडीवर बसवलं, तिच्या टाळूवरून हात फिरवला. मुलगी तिच्या बांगड्या ओढायला लागली. तिनं ओढू दिल्या. रुपाबाई सांगत होती की बाईनं तुला फार शोधलं, आयाला फार बोलल्या, वॉर्डातल्या सगळ्यांना विचारत होत्या की हिचं गाव कोणतं. प्रयागबाई फक्त मान हलवत होती. रुपाबाई गेल्यावर तिनं टोपलीतली कारली तशीच ठेवली आणि उठली.

"लिले, माही भाजी इकजो. मी घरी जातो."

दौलतरावाला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघं अकोल्याला निघाली. म्हातारीला आता डोळ्यांनी दिसत नव्हतं, ती घरीच राहिली. जाताना प्रयागबाई बांधावर येऊन मला म्हणाली, "डॉक्टरीनबाई हायेत अजून तिथंच. रुपाबाईनं सांगतलं." तिच्या तोंडावर ती जुनी आशा होती. मला ती बघवली नाही, कारण तिचं पोट मला लुगड्यावरूनही दिसत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला बघताच ओळखलं.

"तुम्ही! अहो, का नाही थांबलात त्या दिवशी?"

दौलतराव पुढे झाला. "बाई, आमाले वाटलं तुमी नळ्या बांधता."

बाई म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं होतं ना." त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दौलतराव पुढे म्हणायचा.

त्यांनी तपासलं. पुष्कळ वेळ तपासलं. तेव्हा देठावर होती ती गाठ आता मोठी झाली होती, देठ मनगटासारखा जाड झाला होता, आणि पिशवीच्या भिंतीत आणखी गाठी आल्या होत्या. खालून आता काही करता येणार नव्हतं.

"बाई, ते दुर्बीन हाये ना तुमच्यापाशी?" प्रयागबाईनं विचारलं. ज्या दुर्बिणीला घाबरून ती पळाली होती, तिचंच नाव तिनं घेतलं. "तिच्यातून नाई का काढता येत?"

"आमच्या दुर्बिणीनं फक्त नळ्या बांधता येतात हो. परदेशात आता पिशवीच्या आत नळी घालून, बघत बघत गाठ कापायला लागलेत, असं मी वाचलंय. इकडे तसलं काही आलेलं नाही. येईल कधीतरी." बाईंनी तिचा हात हातात घेतला. "पोट उघडावं लागेल. मी फक्त गाठी काढून पिशवी शिवायचा प्रयत्न करते. पण तुमच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त थांबलं नाही तर मला तुमचा जीव आधी वाचवावा लागेल. हे आत्ताच सांगते, मागून नको."

प्रयागबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. "करा," म्हणाली.

रक्त लागणार होतं. दौलतरावानं दिलं. हिरालालला निरोप गेला. ज्या दवाखान्याच्या दारात पाय ठेवायला तो तयार नसायचा, त्या दारातून आत आला, बाही वर केली आणि दुसरीकडे तोंड करून रक्त दिलं.

ऑपरेशनला फार वेळ लागला. बाईंनी गाठी काढायला घेतल्या, तीन काढल्याही. चौथी पार खोलवर रुतलेली होती. तिथून रक्त सुटलं ते टाके घालूनही थांबेना. त्या बाहेर आल्या तेव्हा दौलतराव दारातच उभा होता.

"त्या वाचल्या आहेत," बाई म्हणाल्या. "पिशवी मला ठेवता आली नाही."

प्रयागबाई शुद्धीवर आल्यावर तिनं पोटाला हात लावला. जाड पट्टी लागली. तिनं विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आत्याबाईले सांगा, मले आनाले गाडीवर येऊ नोका म्हनावं. मीच येतो." सासू आंधळी झाली आहे आणि आपल्याला घ्यायला स्टँडवर येईल, एवढीच काळजी तिनं त्या वेळी बोलून दाखवली.

घरी आल्यावर ती भराभर सुधारली. याचंच मला तेव्हा नवल वाटायचं. गालांवर रंग आला, घागरी भरायला लागली, टोपली डोक्यावर घेऊन माझ्या पुढे चालायला लागली. एवढी वर्षं ती किती आजारी होती हे ती बरी झाल्यावर आम्हाला कळलं. लोक म्हणायचे, किती चांगली दिसून राह्यली प्रयागबाई. ती म्हणायची, "हो, रक्त जात नाई ना आता."

नातेवाईक दौलतरावापाशी दुसऱ्या लग्नाचं बोलायला आले. कस्तुराबाईंनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "माह्या पोरानं तिले त्या रांगेतून काढलं. आता तिच्या उरावर दुसरी आनली तं मी या घरात पानी पेनार नाई." दौलतराव तिथंच बसला होता. सगळ्यांपुढे आईनं त्याचं नाव घेतलं तरी त्यानं मान वर केली नाही. लग्नाचं बोलणं तिथंच संपलं.

हिरालालनं आपला धाकटा मुलगा त्यांना द्यायचं ठरवलं. त्याची बायकोही तयार होती. प्रयागबाईनं नको म्हटलं. "ते काय वांग्याचं रोप हाये, उपटून दुसऱ्या वाफ्यात लावाले?" असं ती मला म्हणाली. "त्याच्या मायले संध्याकायी त्याची आठवन येईन ना. अंगन तं एकच हाये. मी रोज पाहीन तिच्या तोंडाकडे."

नवरा-बायकोत त्या दिवसाबद्दल भांडण व्हायचं, पण उलटं. मी बांधावरून ऐकलं आहे. तो म्हणायचा, "म्या तुले हाक मारली. माहीच चूक." ती म्हणायची, "हाक मारली तं काय झालं, पाय माहेच होते ना? मी कायले निघाली? आत्याबाई सांगतच होत्या विचार म्हनून." तो म्हणायचा, "तू भेली होती, तुह्या ध्यानात येनार होतं का?" "आन् तुमी नवते भेले?" असं करत करत एकजण पाण्याचा पाट दुसऱ्या वाफ्याला फिरवायला उठायचं.

सन एकोणऐंशीच्या उन्हाळ्याआधी त्यांच्या मळ्यात दोडकी फार छान आली. प्रयागबाईनं कोवळी कोवळी निवडून एक टोपली भरली. डॉक्टरीणबाईंना नेऊन देते म्हणाली. दौलतरावाला वाटलं, तिला बाईंचे उपकार मानायचे आहेत. तोही सोबत गेला.

बाईंची बदली झाली होती. नागपूरला की आणखी कुठं, कोणाला नीट सांगता आलं नाही. त्यांच्या खुर्चीवर दुसरे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "तब्येतीचा काही त्रास?" ती नाही म्हणाली. दवाखान्याच्या मागच्या अंगणात पेशंटची माणसं तीन दगडांच्या चुली करून स्वयंपाक करत होती. तिनं ती दोडकी त्या बायांना वाटून टाकली आणि रिकामी टोपली घेऊन स्टँडवर आली.

एसटीत बसल्यावर दौलतराव म्हणाला, "जाऊ दे. बाईले कयलं असतं तं खुश झाल्या असत्या."

"मले त्याईले खुश नव्हतं कराचं."

"मंग?"

"मले विचाराचं होतं." ती खिडकीबाहेर पाहत होती. "त्या दिवशी मी थांबली असती, तं खरंच झालं असतं का लेकरू? रुपाबाईले झालं. पन माहं झालंच असतं, असं कोनी सांगू शकते का? का नसतंच झालं? बाईनं खरं सांगतलं असतं मले. त्या खोटं नव्हत्या बोलत."

गाडी घाटाला लागली. तेव्हा दौलतरावानं विचारलं, "दुसऱ्या कोन्या डॉक्टरले विचाराचं का?"

"नाई," प्रयागबाई म्हणाली. "दुसऱ्यानं माही गाठ पायलीच कुठी?"

तिनं पुढे कधी कोणाला विचारलं नाही. मला हे सगळं तिनं बांधावर बसून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मिरचीची रोपं मोजून माझ्या ओंजळीत दिली, कारण माझी त्या वर्षी पुन्हा मेली होती.